बर्फ करणारी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भिंत आहे. हसू नका. इराणमधल्या किरमानच्या वाळवंटात, जिथे उन्हाळ्यात गाढवंसुद्धा एकमेकांची सावली चोरतात, तिथे मी बर्फ केला आहे.

माती, चुना, राख आणि बकरीचे केस तुडवून मला चार पुरुष उंच रचलं. माझ्या उत्तरेला एक उथळ हौद आहे आणि त्यापलीकडे घुमटाखाली खोल खड्डा. हिवाळ्यात दिवसभर मी उन्हाला हौदाकडे फिरकू देत नाही. रात्री मी काहीच करत नाही. पाणी आपली ऊब निरभ्र आकाशाकडे सोडून देतं आणि पहाटे गोठलेलं सापडतं. तो बर्फ फोडून खड्ड्यात टाकायचा, पेंढ्याने झाकायचा आणि ऐन उन्हाळ्यात सरबतात घालायचा. कौतुक मात्र घुमटाचं होतं. तो दिसायला गोल आहे.

सात पिढ्या माझी राखण उस्ताद यदुल्लांच्या घराण्याकडे होती. गावाचा रिवाज कडक. लहान चिल्ला, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे शेवटचे वीस दिवस, संपेपर्यंत खड्डा भरला नाही, तर बर्फघराची किल्ली दुसऱ्या घरी जाते.

एका वर्षी आठ रात्री उरल्या असताना उस्तादांची कंबर धरली. खड्डा पाऊणच भरला होता. काम जावयाकडे, हैदरकुलीकडे आलं. तो नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड अंथरुणं, बनवायचा. माणूस कष्टाळू, डोकं, गावाच्या मते, जरा सावकाश चालणारं. नमद्यात ऊब टिकते, तशी थंडीही टिकेल, असा हिशेब करून त्याने रोज संध्याकाळी हौदावर नमदे अंथरले.

तीन पहाटे नुसतं पाणी निघालं.

“ह्याला बर्फ म्हणतात होय?” त्याची बायको गुलअंदाम म्हणाली. “ह्यात कपडे धुता येतील.”

“थंडीच कमी पडली, मी काय करू? आज आणखी एक नमदा टाकतो.”

“टाका की! वर उशीही ठेवा. बाबांची किल्ली गेली, की तिथेच झोपा खुशाल.”

शेवटी उस्तादच गाढवावर बसून, कण्हत आले. त्यांनी नमद्याखाली हात घातला.

“जावईबापू, पाण्याला ताप आलाय का?”

“थंडी उडून जाईल म्हणून झाकलं, बाबा.”

“थंडी उडत नसते. ऊब जाते. तिची वाट सोडा.”

“पण जाते कुठे?”

उस्तादांनी वर बोट दाखवलं. “तिथे जागा पुष्कळ आहे.”

नमदे निघाले. पहाटे बोटभर बर्फ! पुढच्या रात्री आभाळ भरून आलं आणि पुन्हा पाणीच राहिलं. हैदरकुली ढगांकडे बघत म्हणाला, “बाबा, वर कुणी नमदा टाकला?” त्या दिवशी उस्तादांनी त्याला पहिल्यांदा शाबासकी दिली.

उरलेल्या तीन रात्री सारं गाव राबलं. पातळ थर गोठला, की त्यावर आणखी पाणी. शेवटच्या पहाटे खड्डा काठोकाठ भरला. उस्तादांनी किल्ली गुलअंदामच्या हातात ठेवली. त्या उन्हाळ्यात पहिला बर्फ हैदरकुलीने वाटला, घुमटासमोर उभं राहून. असो.

मित्रांनो, आपली पृथ्वी म्हणजे एक मोठा हौदच. दिवसा सूर्याकडून घेते, रात्रंदिवस आकाशाला परत देते. घेणं-देणं जुळलं, की तिची प्रकृती ठीक. तिच्या अंगावर हवेचं पांघरूण आहे. ते नसतं, तर ती गारठली असती. पण हल्ली धुराड्यांतल्या वायूंनी ते जाड होत चाललंय म्हणे. तेवढं सांभाळा. पांघरूण जाड झालं, की ऊब अडकते, हे तीन पहाटे वाया घालवून का होईना, हैदरकुलीलाही कळलं होतं.