एक ते दोन दुकान बंद

मामाच्या लांब स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीवर दातांचे ठसे होते. वरच्या बाजूला दोन, खालच्या बाजूला तीन, मुठीच्या टोकापासून साधारण पंधरा मिलिमीटरवर. खालचे ठसे जास्त खोल होते आणि त्यांतला मधला थोडा तिरका होता. मामाचा खालचा मधला दात तिरका आहे, त्यामुळे ठसे कोणाचे हा प्रश्न नव्हता. ते तिथे आले कसे, हा होता.

हा स्क्रू ड्रायव्हर मी लहानपणापासून ओळखते. स्क्रू फिरवणं हे त्याचं काम नाहीच. इंजिन चालू ठेवून मामा त्याचं पोलादी टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आत कुठे काय खडखडतंय ते धातूतून वर येतं. चौतीस वर्षं कानाला लागून मूठ एका अंगाने काळी आणि गुळगुळीत झाली आहे. दातांच्या ठशांमधलं लाकूड मात्र अजून फिकट होतं.

मी वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. काही वेगळं दिसलं तर लगेच बोलायचं नाही, आधी पुन्हा बघायचं, ही तिथली सवय. मी स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवला.

त्या शनिवारी मला मामीने बोलावलं होतं. मोटारसायकल दुरुस्तीच्या या दुकानाच्या पाटीवर ‘तत्पर सेवा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे आणि गिऱ्हाइकांनी इंटरनेटवर दुकानाबद्दल काय काय लिहिलंय ते मामीला मला दाखवायचं होतं. एकाने लिहिलं होतं, गाडी अकरा दिवस ठेवून घेतली आणि विचारायला गेलो तर मेस्त्री अंगावर आले. दुसऱ्याने, फोन कधीही उचलत नाहीत. तिसऱ्याने नुसता पाटीचा फोटो टाकून खाली हसणारे चेहरे काढले होते. बेकरीवाल्याने मामाशी असलेल्या शाळेपासूनच्या मैत्रीला जागून पाच तारे दिले होते. पण खाली लिहिलं होतं की माणूस सोन्यासारखा आहे, फक्त गाडी टाकायला जाताना घरच्यांना तिचं शेवटचं दर्शन घेऊ द्या.

या सगळ्यांना मी नीट शब्दांत उत्तरं लिहावीत असं मामीचं म्हणणं होतं. “तू लिहिलंस की खरं वाटतं,” ती म्हणाली.

मामा गोड बोलणारा माणूस कधीच नव्हता. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायला लागलं की तो हात वर करून त्याला थांबवायचा. पण गुरुवारी देतो म्हटलेली गाडी गुरुवारीच जायची. सातव्या वर्षी माझ्या हातात व्हर्निअर कॅलिपर त्यानेच दिला होता. त्या सुट्टीत मी दुकानातले सगळे बोल्ट, मामीच्या बांगड्या आणि एक जिवंत मुंगळा मोजला. मुंगळ्याचं माप त्याने तीन वेळा घ्यायला लावलं, कारण पहिली दोन जुळत नव्हती. पुढे मी जे काही शिकले त्याची सुरुवात तिथे झाली.

उत्तरं लिहिण्याआधी मी दुकानाची वही चाळली. दुकानात सतरा गाड्या अडकून पडल्या होत्या. ब्रेक, पंक्चर, तेलबदल अशी कामं त्याच दिवशी होत होती. इंजिनाच्या तक्रारीची मात्र दिवसाला एकच गाडी बाहेर पडत होती, तीही, एक अपवाद सोडला तर, दुपारी दोननंतर. गेल्या चार महिन्यांत एकदाही दोन नाहीत. इतक्या गोंधळात इतकी नियमितता असली तर तिला कारण असतं.

साडेबाराच्या सुमारास नर्सबाई आल्या. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांना औषधं देतात, जखमा बांधतात, आणि आठ वर्षं त्यांची गाडी मामाकडेच आहे. चारच दिवसांपूर्वी गाडी नेली होती. नेताना घाईत होत्या, सकाळीच आल्या आणि उभ्या उभ्या घेऊन गेल्या.

आवाज आहे तसाच आहे, असं त्यांनी सांगितलं. सांगत असताना मामा त्यांच्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघत होता. मग त्याने गाडी चालू केली, स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली आणि मान हलवली.

“आवाज नाही.”

मी दोन मीटरवर उभी होते. इंजिनाच्या डाव्या बाजूने कोरडी, भरभर खडखड येत होती, डब्यात सुके दाणे हलवल्यासारखी.

“अहो मेस्त्री, मी दोन गल्ल्या अलीकडे असते तेव्हाच लोकांना कळतं,” नर्सबाई म्हणाल्या. “मी पोचेपर्यंत आजोबा गोळी घेतल्यासारखं तोंड करून बसलेले असतात.”

“मग तो आवाज तुमच्या कानात असेल,” मामा म्हणाला.

नर्सबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि मामीला सांगितलं की चार वाजता येते. दुरुस्त झाली तर चांगलंच, नाहीतर आहे तशी द्या, दुसरीकडे दाखवते. मग त्या चालत गेल्या, औषधांची जड पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत.

मला आता अंदाज आला होता, पण अंदाजावर बोलायचं नाही. मी वॉशरच्या डब्यातून काही लहान वॉशर घेतले. मामा पाठमोरा बसून ब्रेक घासत होता. त्याच्या मागे तीन मीटरवर मी एक वॉशर गुडघ्याच्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर सोडला. मामाने मागे पाहिलं नाही. दोन मीटरवरून सोडला, एकावरून सोडला. प्रत्येक अंतरावर तीनतीनदा. शेवटी चोवीस नंबरचा पाना टाकला तेव्हा तो वळला आणि हत्यारं आदळू नकोस म्हणाला.

काउंटरमागून मामी माझ्याकडे बघत होती. “आज तुझ्या हातातून फारच पडतंय गं,” ती म्हणाली. मग जवळ येऊन, काही गरज नसताना, आवाज खाली आणून तिने सांगितलं की दीड वर्ष झालं.

फोनची घंटी तिनेच बंद केली होती. ती वाजत राहायची, मामा शेजारी बसूनही उचलायचा नाही, आणि दुकानात उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायची. माजलाय म्हणाले तर चालेल, असं तिने ठरवलं, पण बहिऱ्या मेस्त्रीकडे इंजिन कोण देईल? गाड्या अडकायला लागल्या तेव्हा तिने पार्ट आलेला नाही असं सांगायला सुरुवात केली. कानाच्या डॉक्टरांचा विषय तिने तीनदा आडून आडून काढला होता. सर्दी झालीय का, कानात मळ साचलाय का, असं. तिन्ही वेळा मामाने एकच सांगितलं, एवढ्या गाड्या जाऊ देत, मग बघू. गाड्या काही जात नव्हत्या.

“त्याला माहीत नाही की मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आज नर्सबाई गेल्या तर उद्या सगळेच जातील. तू बोल. तू मोजून बोलतेस, तुझ्यावर चिडायचा नाही.”

मला ते नको होतं. आकडे सांगणं वेगळं. ज्याने आकडे शिकवले त्यालाच त्याचं उणं सांगायचं म्हणजे वेगळं.

एक वाजला. मामाने मामीला जेवायला घरी पाठवलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि मलाही जा म्हणाला. भूक नाही, नर्सबाईंची गाडी उघडलेली बघायची आहे, असं मी सांगितलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते. मग त्याने गाडी चालू केली, माझ्याकडे पाठ केली, स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या डाव्या अंगाला टेकवला आणि मूठ दातांत धरली.

त्याने डोळे मिटले. टोक एक बोट पुढे सरकवलं, मग आणखी एक. मग तो थांबला, आणि त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता तसा झाला.

इंजिन बंद करून त्याने मूठ तोंडातून काढली. “आहे,” तो म्हणाला, मला नव्हे.

दिवसाला एकच गाडी का, ते मला तेव्हा कळलं. दुकानात माणसं असताना तो मूठ कानालाच लावायचा, लोकांनी पाहावी तशी. खरं ऐकायचं ते एक ते दोन, शटर खाली करून. आणि दातांनी ऐकल्याशिवाय कुठलीही गाडी तो सोडत नव्हता, गिऱ्हाईक कितीही बोललं तरी. नर्सबाईंची तेवढी सुटली होती, सकाळी आल्या म्हणून.

आम्ही दोघांनी डावीकडचं कव्हर उघडलं. आतली टायमिंग चेन सैल पडली होती आणि तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पट्टी झिजून गेली होती. कॅलिपर त्याने माझ्याकडे दिला. मी तीन वेळा माप घेतलं आणि तिन्ही जुळली. उरलेली जाडी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.

आणखी किती चालली असती, मी विचारलं.

“आठवडा. कमीही.” त्याने पट्टी हातात उलटसुलट केली. “रस्त्यात मधेच इंजिन बसलं असतं. ती बाई एकटी फिरते.”

तो स्टुलावर बसला. मी त्याच्या समोर, उजेडात, खोक्यावर बसले, म्हणजे त्याला माझे ओठ दिसतील. मी त्याला सांगितलं की दातांनी ऐकलेला आवाज कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात जातो. तो इतका नीट येतोय म्हणजे आतला कान बहुतेक शाबूत आहे. अडलंय ते त्याच्या अलीकडे कुठेतरी, आणि तिथलं अडलेलं पुष्कळदा दुरुस्त होतं.

“पुष्कळदा म्हणजे किती?”

“तो आकडा माझ्याकडे नाही. डॉक्टरांना विचारावा लागेल.”

माझं हे उत्तर त्याला आधीच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटलेलं दिसलं. तुला कधी कळलं, असं त्याने विचारलं. मी दातांचे ठसे सांगितले आणि वॉशरचं सांगितलं. कसले वॉशर, तो म्हणाला. नऊ टाकले, मी म्हटलं. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग खाली बसून एकेक उचलायला लागला. आठच सापडले. नववा मिळेपर्यंत त्याने पुढचं काही बोलू दिलं नाही. तो हवेच्या टाकीखाली होता.

“मामीला सांगू नकोस,” वॉशर डब्यात टाकत तो म्हणाला.

“तिला दीड वर्ष माहीत आहे, मामा.”

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्याने हात वर करून थांबवलं.

“म्हणून ती पार्ट आला नाही सांगते होय,” तो म्हणाला. “पार्ट समोर फळीवर ठेवलेले असायचे. मला वाटलं ती विसरायला लागली. चारचौघांत तिला कशाला खोटं पाडायचं, म्हणून मीही मान डोलवायचो.”

मग तो हसायला लागला. हसता हसता त्याने त्याच स्वच्छ फडक्याने डोळे पुसले, तेव्हा मी उठून नवीन टेन्शनर शोधायला फळीकडे गेले. तो तिथेच होता, पुढच्याच रांगेत.

दोनला मामी परतली तेव्हा आम्ही पट्टी बसवत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला काहीतरी कळलं, पण काय ते कळलं नसावं, कारण ती आल्यापासून काउंटर पुसत राहिली.  मामाने कव्हर लावलं, गाडी चालू केली, मूठ पुन्हा दातांत धरली. या वेळी शटर पूर्ण वर होतं. फूटपाथवरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला, मामाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मामीच्या हातातलं फडकं थांबलं.

नर्सबाई चारला पाच मिनिटं असताना आल्या. मामी सवयीने म्हणाली, “अहो, त्याचा पार्ट अजून—”

“आलाय,” मामा म्हणाला. “बसवलाय.”

तो काउंटरच्या बाहेर आला. जुनी झिजलेली पट्टी त्याने नर्सबाईंच्या हातावर ठेवली आणि किती उरली होती ते सांगितलं. गाडीत आवाज होता, तुम्ही दोनदा सांगितलंत ते खरं होतं, असंही सांगितलं.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “दीड वर्ष झालं. तुम्हाला नको ते बोललो.”

नर्सबाईंनी पट्टी काउंटरवर ठेवली. मग त्या एक पाऊल सरकून त्याच्या अगदी समोर आल्या, उजेड चेहऱ्यावर येईल अशा, आणि नेहमीच्या आवाजात पण सावकाश त्यांनी विचारलं की कोणत्या कानाने. दोन्ही, मामा म्हणाला. कुणाला दाखवलंत का, त्यांनी विचारलं.

मामाने अडकलेल्या सतरा गाड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग तो मामीकडे वळला.

“सोमवारी दुकान बंद ठेवू,” तो म्हणाला. “मी कान दाखवायला जातोय. तू बरोबर ये.”