कार्डावरचं वय

लॅमिनेशनच्या आत हवेचा एक फुगा अडकून बसला होता, नेमका जन्मतारखेवर. पंडित तो अंगठ्याने दाबत राहिला आणि फुगा सरकून पुन्हा तिथेच येत राहिला. टेबलापलीकडे शिवकन्याताई आईच्या आधार कार्डाची वाट पाहत होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर विमा ब्रोकरचा परवाना काचेत लावलेला. गेवराईतल्या या खोलीत आल्यापासून पंडितला त्या काचेचा आधार वाटत होता — ही बाई कुण्या एका कंपनीची नाही, चार कंपन्यांचे कागद समोर मांडून आपल्या बाजूने बोलणारी आहे. शेजारी आई, चंद्रभागाबाई, खुर्चीच्या कडेला बसली होती, दवाखान्यात बसावी तशी.

वडिलांना मात्र दवाखान्याच्या दारातून परत आणलं होतं... अनामत भरता आली नाही म्हणून. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्याने ठरवलं होतं. तो तलवाड्याच्या दूध संस्थेचा सचिव. दुष्काळाने जनावरं छावणीत गेली, संकलन निम्म्यावर आलं, तरी आरोग्य विम्याचा पहिला हप्ता त्याने पोटाला चिमटा घेऊन बाजूला ठेवला होता.

"एकोणसत्तर," कार्ड बघून शिवकन्याताई म्हणाल्या. "दादा, ह्या पॉलिसीला पासष्टची अट हाय. पुढच्या वयाची एक पॉलिसी हाय, पर हप्ता चौपट. तुमाला झेपायचा न्हाई, म्हणून मी घ्या म्हणणार न्हाई."

"आई तेवढी न्हाई हो."

"मग किती?"

किती... पंडितला आठवलं. चार वर्षांपूर्वी, दोन हजार पंधरा साली, शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं, तेव्हाही दुष्काळच होता, आणि मशीनवरच्या माणसाने वय विचारल्यावर "लाव पन्नास सालचा जन्म" असं मीच म्हणालो होतो, आईच्या खांद्यावर हात ठेवून. पासष्ट झालं की एसटीला अर्धं तिकीट; निम्मं गाव तेच करत होतं, त्यात लपवण्यासारखं काही वाटलंही नाही. आई त्या कार्डावर हौसेने धर्मापुरीच्या मावशीकडे जाऊन आली. एका वाक्यात दहा वर्षं घातली मी तिच्या अंगावर.

"खरं वय लिहा ना, ताई."

"कागद लागतो. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, काहीबी. आज मी खोटं लिहिलं तर पॉलिसी निघंल, पर यांना खाटंवर टाकल्यावर कंपनी हात वर करंल. तवा कुणाकडं जाल?"

ताईंनी फसवलं असतं तर रागावता तरी आलं असतं. पण त्या खरं बोलत होत्या, तेही आपल्याच भल्याचं, आणि आई तर शाळेची पायरीही चढली नव्हती.

"बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्साची हुते," आई एकदम म्हणाली. "खडी फोडायला बारक्या पोरी घेत नव्हते. मग बापानं सोळा सांगितलं, मुकादमानं लिहिलं." आणि ती हसली.

पंडितला हसता येईना. दुष्काळ पडला की कुणीतरी हिच्या शेजारी उभं राहायचं, हिचं वय सांगायचं, आणि ही गप्प. आधी तिचा बाप... मग मी.

शिवकन्याताईंनी कार्ड परत दिलं. "कागद घावला तर या," त्या म्हणाल्या. त्यांनाही ठाऊक होतं, कागद नव्हताच.

स्टँडकडे चालताना आईने विचारलं, "किती लिवलंय माझं?"

"एकोणसत्तर."

"असंल बाबा. लिवलंय म्हंजी असंल. गुडघे बी तसंच म्हणत्यात."

बसच्या पायरीशी तिने आधारासाठी हात पुढे केला. असा आधार ती आधीपासून मागायची, की कार्ड आल्यापासून? त्याने आठवून पाहिलं, आठवेना. आज दोन फुल तिकिटं घ्यायची — निदान इथे तरी, निदान आज — असं त्याने ठरवलं. शब्द जिभेवर होते. पण कंडक्टर येताच आईने कार्ड पुढे धरलं, आणि त्याने न बघताच एक फुल, एक हाफ दिलं. पंडितने तिकिटं घेतली.

बस निघाली तशी आई खिडकीला डोकं टेकून झोपली, तोंड किंचित उघडं. तिच्या चेहऱ्यात तो एकोणसाठ वर्षांची बाई शोधू लागला... ती इथेच कुठेतरी असायला हवी होती. तलवाड्याचा फाटा येईपर्यंत तो बघत राहिला, आणि त्याला एकोणसत्तरचीच दिसत राहिली.