दहा मिनिटांत बदलणारं सभागृह

माझा धाकटा भाऊ आर्किटेक्ट आहे. म्हणजे आयुष्यात एक खिळा न ठोकता इमारती बांधतो. मी तीस वर्षं नाट्यगृहात सुतार. जिने, चौथरे, खोटी दारं, सगळं माझ्या हातचं. ते नाट्यगृह पाडून तिथे यानेच नवं सभागृह उभं केलं.

"पन्नास वर्षं चालेल, दादा! सकाळी खेळाचे सामने, दुपारी नाटक, संध्याकाळी नाच. काळ बदलेल तशी इमारत बदलेल."

बोलायला काय जातं! 'लवचिक' हा शब्द तर त्याने चावून चावून चोथा केला होता.

आज सभागृह ताब्यात घेणाऱ्या समितीसमोर चाचणी होती. सभागृह पास झालं नाही तर त्याच्या ऑफिसला कुलूप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोने सकाळपासून घास घेतला नव्हता. हा मात्र कडक इस्त्रीत, नवरदेवासारखा.

त्याने बटण दाबलं. सहाशे खुर्च्या रुळांवरून सरकत मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. टाळ्या पडल्या.

"आता नाचासाठी लाकडी जमीन!" तो म्हणाला.

जमिनीचे तक्ते आणायला चार कामगार निघाले आणि मध्येच थांबले. तक्ते कोठारात, कोठाराचं दार मागच्या भिंतीत आणि दारासमोर सहाशे खुर्च्या.

खुर्च्या पुढे आणल्या. दार उघडलं, पण आता तक्ते ठेवायला जागा नाही. तक्ते आत, खुर्च्या मागे. पुन्हा दार बंद. कोणीतरी फिसकन हसलं. मी कडेला हाताची घडी घालून मजा बघत होतो. शिका अजून, म्हटलं.

"हे दार कोणाच्याच नजरेला आलं नाही?" समितीच्या बाईंनी विचारलं.

माझ्या आलं होतं. दीड वर्षापूर्वी त्याने नकाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला होता. "दादा, रंगमंचामागचं तुला कळतं, मला नाही. नीट बघ." कपातला चहा संपायच्या आत मला ते दार दिसलं. एवढा शिकलाय ना, आपटू दे तोंडावर, असं मनात म्हणून मी नकाशाची घडी त्याच्या हातात दिली होती. "फक्कड आहे," म्हणालो होतो.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी तो ताठ उभा होता.

"बाई, माझ्या दादाने नकाशा तपासलाय. त्याच्या नजरेतून खिळासुद्धा सुटत नाही. त्यानंतर मीच काहीतरी घोळ घातला असणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घडी घातलेले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

"घोळ त्याचा नाही," मी म्हणालो. "मला दार दिसलं होतं. मी बोललो नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. भाऊ माझ्याजवळ आला आणि त्याने लहानपणी विचारायचा तसं हळूच विचारलं, "का रे, दादा?"