तहानेने मेलेलं यंत्र

आमोंगिनबाईचं अंडी उबवायचं यंत्र तहानेने मेलं.

तसं काही घडलंच नाही. यंत्राला तहान लागत नाही, असं कंपनीनेच छापून कळवलंय. तेव्हा आपण मुकाट्याने बाजारात जाऊ.

सोरोटीच्या गुरांच्या बाजारात त्या दिवशी गुरांना कुत्रं विचारेना. कंपालाहून आलेले, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे संशोधक एक्वारूसाहेब एका सीलबंद पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून उभे होते. ना वीज, ना रॉकेल, आणि पेटीखालून पिल्लं चिवचिवत बाहेर! बायकांनी जयघोष केला. एका म्हाताऱ्याने पेटीला नमस्कारही घातला.

"जुनी कोंबडी द्या, वर एक शेळी द्या, नवं यंत्र न्या! कोंबडी मात्र खुडूकच हवी हं."

"खुडूकच का?" ओपोलोट मास्तरांनी विचारलं.

"भंगारालाही दर्जा असतो, मास्तर."

नवऱ्यामागे आमोंगिनचं घर एका कोंबडीच्या पिल्लांवर चाललं होतं. शेजारणीच्या कोंबड्यांत मिसळू नये म्हणून तिने स्वतः त्या कोंबडीच्या पायाचं एक बोट छाटलं होतं. मन घट्ट करून तिने ती दिली, शेळीही दिली. साहेब कोंबडी घेऊन पडद्याआड गेले आणि यंत्र घेऊन बाहेर आले.

"यात इंधन काय घालू, साहेब?"

"रोज मूठभर नाचणी. थंडाव्याला पाणी. खालच्या कप्प्यात राख जमेल, ती शेताला घाला."

"राख ओली कशी?" कप्प्यात डोकावत मास्तर पुन्हा.

"सुधारित आहे."

"आतून कुरकुर येतेय," आमोंगिन म्हणाली.

"मोटर आहे, मावशी. सील तोडलंत की हमी संपली!"

यंत्र झकास चाललं. पिल्लं निघाली. मग बहिणीकडे मयत झाली. जाताना काटकसरी आमोंगिनने दिवा मालवावा तसं इंधन आणि पाणी बंद केलं.

आठवड्याने ती परतली तेव्हा यंत्र गार होतं आणि घाण मारत होतं. मास्तरांनी पत्रा कापला. आत पिसं होती, आणि एक वाळका पाय. त्याला एक बोट कमी.

"ही तर माझीच!"

"तुमचीच, काकू. डब्यात कोंबून तुम्हालाच दिली. शेळी तेवढी त्यांचा नफा."

"म्हणजे मीच तिला..."

"बंद केलंत," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

लोकहो, जे दाणे खातं, पाणी पितं आणि शिटतं, त्याला यंत्र म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. हमी गेली तर जाऊ द्या.

कंपनीने कळवलं की सील तुटल्याने तक्रार बाद. शिवाय बसून अंडी उबवण्याच्या पद्धतीचं पेटंट कंपनीकडे आहे.

आमोंगिनने मास्तरांकडून उलट अर्ज लिहून घेतला: सबब विनंती की, सदर यंत्राचा आतील भाग अर्जदारास मूळ स्थितीत, म्हणजे जिवंत, परत करण्यात यावा.