अर्धवट ठिपक्यांचा कागद

मी बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर फार भरवसा ठेवू नका. गुपित सांभाळायला मला जन्माला घातलं, आणि ते गुपित काय होतं हे मलाच ठाऊक नव्हतं! मी हाताएवढा, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. अंगभर काळे ठिपके. बघणाऱ्याला वाटावं, छपाईचं यंत्र शिंकलं.

एका घड्याळजींच्या हट्टापायी मी झालो. म्हातारपणी त्यांचे हात थरथरू लागले, दुकान बंद पडलं. गिऱ्हाइकांनी परत न नेलेली घड्याळं त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली. कपाटाला चार आकड्यांचं कुलूप. पण आकडे सांगायचे कोणाला? मुलगी शिवणकाम करणारी, मुलगा वायरमन. आईचं शिलाई मशीन त्याने न विचारता कोणाला तरी देऊन टाकलं, तेव्हापासून दोघांत अबोला.

"एकाला सांगावं तर दुसरा रुसणार," घड्याळजी म्हणाले.

त्यांच्या ओळखीच्या गणिताच्या बाईंनी तोड काढली. "आकड्यांचं चित्र दोन कागदांत वाटून देते. एकमेकांवर ठेवले की आकडे दिसतील."

"आणि एकट्यानेच भिंग लावून पाहिलं तर?"

"जन्मभर पाहू दे. काही म्हणजे काही कळणार नाही."

मी छाती फुगवली. 'काही न कळणं' हाच ज्याचा गुण, असा दुसरा कोण आहे?

मी मुलीकडे गेलो, माझा जोडीदार मुलाकडे. "भावाशिवाय याचा उपयोग नाही," वडील म्हणाले. "मग कधीच नाही," असं म्हणत तिने मला कापडाच्या ढिगात कोंबलं. पुढे घड्याळजी वारले. एकदा घाईत तिने माझा कोपरा कापून एका कॉलरला कडकपणा यावा म्हणून आत शिवला. मला वाटलं, चला, काहीतरी उपयोग झाला!

मग एक दिवस एक आजी तिच्या दारात आल्या. "माझ्या मालकांचं घड्याळ तुझ्या वडिलांकडे राहिलंय गं. आमचे हे गेले. बंद असलं तरी चालेल मला." दुकान भाड्याचं, आणि जागामालकाने तर तिथलं कपाट शनिवारी भंगारात द्यायचं ठरवलं होतं. बहिणीने भावाला फोन लावला.

"मी बोलतेय."

"कोण मी?"

"आणखी किती बहिणी आहेत तुला?"

दुसऱ्या दिवशी दुकानात भाऊ कपाट कापायचं मशीन घेऊनच आला. "ठिणग्यांनी आतली घड्याळं जळतील," बहीण म्हणाली. शेवटी भावाने आणलेल्या जोडीदारावर मला ठेवलं. आकडे काही दिसेनात. नुसता करडा चिखल.

"बाबांनी जाता जाता चेष्टा केली आपली," भाऊ पुटपुटला.

"उलटा करून बघा की," सोबत आलेल्या आजी स्टुलावरून म्हणाल्या.

मी पालथा होतो! एवढी वर्षं ऐट मिरवली आणि ऐन वेळी पालथा. सरळ केल्यावर दोघांनी बोटांनी आम्हाला केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवलं आणि ठिपक्यांतून ठळक काळे आकडे वर आले. सात. शून्य. तीन. पुढे भोक.

"इथला कुठे गेला?"

"कॉलरला," बहीण खाली मान घालून म्हणाली.

भाऊ इतका हसला की भिंतीला टेकून बसला. "म्हणजे बाबांचा आकडा कोणाच्या तरी मानगुटीवर बसलाय!"

मग तो कुलूप फिरवू लागला, ती मोजू लागली. शून्य, एक, दोन... पाचावर तो थांबला. "आईच्या मशीनचं चुकलंच माझं, ताई."

"फिरव तू," ती म्हणाली आणि पुढचा "सहा" मोजला.

आठावर खटकन आवाज झाला. आत ओळीने घड्याळं, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नाव-नंबराची चिठ्ठी. आजींच्या घड्याळाला भावाने चावी दिली. त्यांनी ते कानाशी धरलं आणि कितीतरी वेळ खाली केलंच नाही.

आता मला कसलंच गुपित नाही. जोडीदाराला चिकटवून मला दुकानाच्या काचेवर लावलंय. येणारे-जाणारे "सातशे तीन" वाचतात आणि घरनंबर समजतात. असो, लायकीप्रमाणेच झालं. भाडं भरून दोघांनी दुकान तूर्त ठेवलंय, अजून सोळा घड्याळं आहेत. तुमचं तर नाही ना त्यात? असेल तर रविवारी या. दोघंही असतात. चिठ्ठीवरचा आकडा सहा की नऊ यावरून भांडत असतील, तिकडे लक्ष देऊ नका.