घंटा होईपर्यंत

माझ्या मुलीच्या बालवाडीत श्वास शिकवतात हे कळलं तेव्हा मी बाईंना तोंडावरच विचारलं, "का हो, पोरं काय नाक घरी विसरून येतात?"

बाई हसल्या. म्हणाल्या, मुलांनी सतरंजीवर आडवं व्हायचं, पोटावर कापडी बदक ठेवायचं आणि ते वर जातं, खाली येतं, एवढंच बघायचं. घंटा होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. त्यानं मन शांत होतं. माझं मात्र झालं नाही, कारण सगळ्या वर्गाची बदकं शिवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

पण त्या बदकानं माझी सोय झाली, हेही खरं. माझी पोर कुठेही घरंगळत जायची, म्हणून माझ्या बाबांनी तिचं नाव बटण पाडलेलं. एका जागी बूड टेकेल तर शपथ. आता ती बाबांच्या खाटेशी बसून त्यांनाच श्वास शिकवायला लागली.

बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं, कानही तिथेच राहिले. त्यांना चहा विचारला की शेजारीण "हो" म्हणायची. हृदयाच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं होतं, पण खोड्या सुटल्या नव्हत्या. ते मुद्दाम पोट फुगवून बदक उडवायचे आणि बटण चिडायची. "आजोबा, असं नाही! त्याला शांत बसू द्या ना."

घंटा माझ्याकडे होती. मुलांनी ती वाजवायची नसते, असा वर्गातला नियम. म्हणून मी बाहेरच्या खोलीतून शिवणाच्या मशीनच्या लोखंडावर कात्री आपटायची. पहिलीला बटण उठायची. बाबांना ती ऐकूच यायची नाही, मग त्यांच्यासाठी दुसरी जोरात.

त्या दुपारी मला एका गिऱ्हाइकाचे ब्लाउज संपवायचे होते. आतून आवाज नाही, हट्ट नाही, भांडण नाही. मनातल्या मनात पोरीचं कौतुक करत मी बाह्या जोडत राहिले. घंटा वाजवली नाही. म्हटलं, बसू दे अजून थोडा वेळ.

शेवटचं बटण लावून आत गेले तर पोर खाटेशी मांडी घालून बसलेली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"शू! आई, आजोबांना आज मस्त जमलं," ती कुजबुजली. "बदक हलत पण नाहीये."

मी बाबांच्या हाताला हात लावला. तो गार होता.

मी ओरडले असणार, कारण शेजारीण धावत आली. मग तिनं डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, झोपेतच गेले, तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही करता आलं नसतं. मला त्यांचं पटलं आणि उपयोग काही झाला नाही. बाईंचा राग आला, बदकाचा आला, सगळ्यात जास्त त्या ब्लाउजांचा आला.

बटण मात्र जागची हलेना. शेजारणीनं उचलायला हात घातला तर तिनं खाटेचा पाय घट्ट धरला. मी म्हटलं, "बाळा, ऊठ. चल बाहेर." तिनं मान हलवली आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "घंटा कुठे झालीय?"

मी बाहेरच्या खोलीत आले. कात्री ब्लाउजाखाली सापडली. शेवटी एकदा आपटली.

आत गेले तर बटण उभी राहून आळस देत होती, वर्गात देतात तसा. मग तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, थोडी थांबली आणि माझ्याकडे वळली.

"आई, आता जोरात वाजव. आजोबांना पहिली ऐकू येत नाही ना."

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. कात्री माझ्या हातातच होती. मी परत मशीनपाशी गेले आणि वाजवली, होती नव्हती ती सगळी ताकद लावून. मग आत येऊन पोरीजवळ बसले. ती बदकाकडे बघत होती. मीही बघत राहिले.