न मारलेली हाक

कापितोलिना सेम्योनोव्नाच्या स्कींना मी बावीस वर्षं मेण लावलं. बर्फ बघायचा, हवा बघायची, त्याप्रमाणे मेण निवडायचं आणि बुचाने घासत बसायचं. ती तीनदा देशात पहिली आली. एकाही फोटोत मी नाही. त्याचं मला काही वाटत नाही, म्हणजे थोडं वाटतं.

त्या दिवशी राष्ट्रीय संघाची निवड होती, रशियाच्या उत्तरेला, आमच्याच कोमीच्या जंगलात. दहा किलोमीटरची शर्यत. पहिल्या चौघी थेट संघात, आणि पाचवी मुख्य प्रशिक्षक वालेर्यान इल्यिच आपल्या मर्जीने घेणार. ती पाचवी म्हणजे सदतीस वर्षांची कापितोलिना, आमची कापा, हे भटारखान्यातल्या बायकांनासुद्धा ठाऊक होतं.

एकेकीला अर्ध्या अर्ध्या मिनिटाने सोडतात. कापाच्या मागून सुटणार होती तायसिया, आमच्याच गावची, वीस वर्षांची. तिला स्कीवर उभं राहायला कापानेच शिकवलं होतं.

मी सहाव्या किलोमीटरला जादा काठी घेऊन उभा होतो. कापा आली, आणि तिच्या पाठीला चिकटून तायसिया. पोरीने अर्धं मिनिट भरून काढलं होतं. आमच्याकडे अशा वेळी मागची ओरडते, ‘वाट!’ आणि पुढची चाकोरी सोडून बाजूच्या बर्फात सरकते. पुढची कितीही मोठी असो, हाक आली की सरकायचं. पण जिच्यासमोर तायसिया चहासुद्धा उभ्याने प्यायची, तिला बाजूला हो म्हणायला तिची जीभ रेटेना. वळसा घेऊन नवव्या किलोमीटरला दोघी पुन्हा माझ्यासमोरून गेल्या, तरी तशाच.

तायसिया पाचवी आली, चौथ्या मुलीपेक्षा फक्त दोन सेकंद मागे, म्हणजे संघाबाहेर. कापा अकरावी.

खोलीत कापा बूट न काढताच बसली. मी पोरीवर तोंडसुख घेतलं. ओरडली असती तर काय जीभ झडली असती, म्हणालो.

“मला तिच्या काठ्या ऐकू येत होत्या, प्रोकोप,” कापा म्हणाली. “मनात म्हणत होते, हाक मारली की सोडते. तिने मारली नाही, मी सोडली नाही. नियमाने माझं काहीच चुकलं नाही.”

मीही तिथे दोनदा उभा होतो आणि मलाही तोंड होतं. पण कापा संघात गेली तरच मी जाणार होतो.

थोड्या वेळाने ती उठली आणि वालेर्यान इल्यिचकडे जाऊन, माझ्याऐवजी तायसियाचं नाव लिहा, असं सांगून आली. त्याने बरीच समजूत घातली म्हणे. तायसियाला कळलं तशी ती रडत आली. मला भीक नको, म्हणाली.

“भीक कसली? तुझे तीन किलोमीटर मी दाबून ठेवले होते, ते परत देतेय. उद्या सकाळी माझ्या मागे ये आणि ओरड. नाही ओरडलीस तर तुझं नाव मी स्वतः खोडायला लावीन.”

“मला नाही जमणार, कापितोलिना सेम्योनोव्ना.”

“मग तिकडे परदेशातल्या बायका तुला बघून आपणहून सरकणार आहेत वाटतं?”

सकाळी मी त्याच जागी जाऊन उभा राहिलो. कापा मुद्दाम सावकाश चालली होती. मागून तायसिया काहीतरी पुटपुटली.

“ऐकू नाही आलं,” कापा मान न वळवता म्हणाली.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्यांदा पोरगी अशी ओरडली की फांदीवरचा बर्फ खाली पडला. कापा चाकोरी सोडून गुडघाभर बर्फात सरकली. तायसिया मागे न बघता निघून गेली. कापा काठ्यांवर रेलून तिच्याकडे बघत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

मग माझ्या लक्षात आलं, त्या हाकेसरशी मीही दोन पावलं मागे सरलो होतो. मी तर चाकोरीत उभाच नव्हतो.